पोटातली पट्टी आणि बाटलीतले खडे

डॉक्टरांनी फोनवर माझं वजन विचारलं आणि घरात कोणालाच ते सांगता येईना. घरचा काटा एकशे वीसपर्यंतच होता. मी उभी राहिले की त्याची सुई शेवटाला जाऊन टेकायची आणि तिथेच थरथरत राहायची. म्हणून नितेश, माझा धाकटा भाऊ, मला पूर्णा गावातल्या आमच्या गोडाऊनवर घेऊन गेला. तिथे कापडाच्या गाठी तोलायचा मोठा काटा आहे. रविवार आहे, कोणी नसेल, असं तो म्हणाला होता. चार हमाल होते.

"बेबी, हिलना मत," त्यातला म्हातारा म्हणाला.

मी हात अंगाला चिकटवून उभी राहिले. एकशे सत्तावीस. हमालांपैकी कोणी हसलं नाही. गाठीचं वजन बरोबर निघालं की ते जशी मान हलवतात तशी त्यांनी हलवली. हसला तो नितेश. त्याने मोबाईलवर आकड्याचा फोटो काढला. डॉक्टरांना दाखवायला, म्हणाला.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. २००६ साल. शाळेत माझं नाव 'गोडाऊन' होतं, आणि पप्पांनी शेतजमिनीवर खरंच गोडाऊन बांधलं तेव्हा ते नाव पक्कं झालं. कामतघरला कॉम्प्युटर क्लासला जायचे तेव्हा शेअर रिक्षावाला मला बघून मागे दोनच माणसं घ्यायचा आणि विचारायचा, "मॅडम, दो सीट का दोगी ना?" मी द्यायचे. वाद घालायला तोंड उघडावं लागतं.

बारीक होण्यासाठीच्या ऑपरेशनच्या आधी मी इंटरनेटवर सापडेल ते सगळं वाचलं होतं. सगळं इंग्रजीत, परदेशातल्या बायकांनी लिहिलेलं. पहिला आठवडा काय प्यावं, टाके कसे धुवावेत, कोणत्या मापाचे कपडे घ्यावेत. ते उपयोगाचं होतं. पण त्यातल्या एकीलाही आत्या नव्हती. म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

कशेळीचा पूल

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाच्या वरच्या टोकाला सिलिकॉनची एक पट्टी बसवायची, अंगठीसारखी. तिच्या वर लहानसा कप्पा राहतो. तो दोन-चार घासांत भरतो आणि भूक थांबते. पट्टीची नळी कातडीखालच्या एका बटणाला जोडलेली असते. तिथे सुई टोचून पाणी भरलं की पट्टी आवळते, काढलं की सैल होते.

"एक गोष्ट लक्षात ठेवा," ते आईकडे बघून म्हणाले. पेशंट मी होते, पण मी खाली बघत होते. "सारख्या उलट्या होता कामा नयेत. हळू खायचं, चावून चावून, अगदी थोडं. कोणाच्या आग्रहाला बळी पडायचं नाही. उलट्या होत राहिल्या तर पट्टी जागेवरून सरकते. मग परत ऑपरेशन."

आईने मान हलवली. परतताना गाडीत तिने पहिला प्रश्न विचारला, "लोकांना काय सांगायचं?"

पप्पा गाडी चालवत राहिले.

"पित्ताचे खडे," आई म्हणाली. "आजकाल सगळ्यांनाच होतात."

"खरं सांगितलं तर काय होईल?" मी विचारलं.

"बारीक व्हायला ऑपरेशन केलं म्हणजे ही केवढी होती, ते मुलाकडच्यांना आपण होऊन सांगितल्यासारखं."

"ते त्यांना दिसेलच की."

"दिसतं ते वेगळं. सांगितलेलं वेगळं."

कशेळीचा पूल यायच्या आत ठरलं. मीही हो म्हटलं, हे इथे लिहायला हवं. मला लोकांशी बोलायचं नव्हतं, आणि खडे म्हटलं की पुढे कोणी काही विचारणार नाही असं मला वाटलं.

चार दिवस

हॉस्पिटलचा गाऊन मला पुरेना. नर्सने दोन आणले, एक पुढून आणि एक मागून घातला. ऑपरेशनच्या सकाळी मला ट्रॉलीवर घ्यायला चौघं आली. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि पाचव्याला हाक मारली. भीती वाटत होती का, असं नंतर कोणी कोणी विचारलं. वाटत होती, पण मरायची नाही. ट्रॉली मोडेल याची.

शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या हवेने तसं होतं, म्हणे. ते आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते. चाललं की कमी होतं. औषधाच्या छोट्या टोपणाने दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायचं. दुसऱ्या दिवशी दाराशी जाऊन परत यायचं, तिसऱ्या दिवशी पॅसेजच्या टोकापर्यंत. केरळची एक नर्स माझ्याबरोबर चालायची आणि वाटेत काहीच बोलायची नाही. त्या चार दिवसांत ती मला सगळ्यात आवडली.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं खड्यांचंच ऑपरेशन झालं होतं. खरं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातात डॉक्टरांनी एक छोटी बाटली दिली, तीत त्यांचे खडे. भेटायला येणारा प्रत्येक जण ती उजेडात धरून बघायचा. आई ते बघत होती. तिचा चेहरा उतरत गेला.

"नितेश," ती पॅसेजमध्ये हळूच म्हणाली, "आपल्याकडे बघायला मागतील."

नितेशची कामगिरी

आणि पहिल्याच दिवशी मागितले. घरी येऊन मी सोफ्यावर टेकले नाही तोच आत्या आली. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. गावी राहते, तालुक्याच्या टोकाला. आमच्या घरातली एकच व्यक्ती, जिने मला कधी नावं ठेवली नाहीत. लहानपणापासून ती मला भरवत आली. तिच्या मते जगात दोनच आजार आहेत, नजर लागणं आणि पोट रिकामं असणं.

"काय गो बाय, खडं कुठं हायत? दाव मना."

नितेशने होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली आणली. नव्या गोडाऊनच्या बांधकामावरचे बारीक दगड त्याने निवडून, धुऊन, हळद आणि तेलात चोळून ठेवले होते. सात होते. आत्याने बाटली कपाळाला लावली, मग उघडून वास घेतला.

"आई गो! ह्ये पोरीच्या पोटात व्हतं?"

"एक तर केवढा होता," नितेश म्हणाला. "तो डॉक्टरांनी ठेवून घेतला."

त्या महिन्यात ती बाटली किती हातांतून फिरली सांगता येणार नाही. एका काकांनी ती कानाशी हलवून बघितली. एका काकूंनी मुलांना दाखवून सांगितलं, "पाणी कमी प्यालं की असं होतं बघा." मी समोर बसून असायचे. माझ्या पोटातून न निघालेल्या दगडांकडे सगळे बघत होते, आणि निदान तेवढा वेळ माझ्याकडे बघत नव्हते. ते मला बरं वाटायचं.

खडे गेले, आता खा

पहिले पंधरा दिवस सुखाचे होते. फक्त पातळ प्यायचं होतं, आणि आत्या रोज बसने येऊन चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, सार आणायची. टोपणाटोपणाने प्यायचे. तसं सार मी पुन्हा कधी प्याले नाही.

महिनाभराने मऊ, मग घन. तिथून खोटं अंगावर यायला लागलं. खडे काढलेल्या माणसाने थोडे दिवस पथ्य करायचं आणि मग नीट जेवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. माझ्याकडे न खायला कारणच नव्हतं.

"खा गो बाय. खडं गेलं, आता कला भ्यातेस?" आत्या म्हणायची (तिच्या बोलीत कला म्हणजे कशाला) आणि तांदळाच्या भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तोंडाशी आणायची. तांदळाची भाकरी पट्टीपाशी जाऊन गोळा होते. छातीच्या मधोमध मूठ दाबल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं, ती लाळसुद्धा खाली उतरत नाही. हसत उठायचं, बाथरूममध्ये जायचं, नळ सोडायचा, ओकायचं, तोंड धुवायचं, परत येऊन बसायचं. ताटात तोवर दुसरी भाकरी आलेली असायची.

"नको" म्हटलं तर आत्याचा चेहरा पडायचा. एकदा म्हणाली, "इंग्लिस शालंत घातली म्हून आमच्या हाताचा चालत न्हाय?" त्यानंतर मी नको म्हणणं सोडलं.

आईला सगळं ऐकू यायचं. बाथरूमची भिंत स्वयंपाकघराला लागूनच आहे. ती काही बोलायची नाही. दर सोमवारी काटा बाहेर काढायची. आता सुई आकड्यांच्या आत आली होती. एकशे अकरा. एकशे चार. अठ्ठ्याण्णव झालं त्या दिवशी तिने साखर वाटली, कशाची ते कोणाला न सांगता. डॉक्टरांकडे तपासणीला गेलो की ती सांगायची, "काहीच त्रास नाही. थोडं अजून आवळलं तर चालेल का?" डॉक्टर माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "नो प्रॉब्लेम, डॉक्टर."

हे फक्त आईवर ढकलता येणार नाही. उलटी झाली की मलाही वाटायचं, चला, तेवढं गेलं. पट्टी सरकते हे मी ऐकलं होतं, वाचलंही होतं. आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज. रोज मी स्वतःला सांगायचे की पाहुणे येऊन जाऊ देत, मग डॉक्टरांना खरं सांगेन.

पाहुणे

पाहुणे डोंबिवलीचे होते. मुलगा बँकेत, वडील नाहीत, आई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मी ब्याण्णववर आले होते. मुलगा पहिल्या भेटीत माझ्याशी इंग्रजीत चार वाक्यं बोलला आणि मी चार परत केली. दोघांनाही हायसं वाटलं असावं. दुसऱ्या भेटीला ते जेवायला आले.

पुरी होती. पुरी चालत नाही हे आईला माहीत होतं, पण पाहुण्यांना भाताची पेज कशी वाढणार? मुलाच्या आईंनी स्वतःच्या हाताने मला श्रीखंडपुरीचा घास दिला. मी पन्नास वेळा चावला. तरी अडकला. मी उठले. नळ सोडला. परत आले तेव्हा त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"बरं नाही का तुला?"

"थोडं ॲसिडिटीचं," आई म्हणाली. "मागच्या वर्षी खड्यांचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून."

"पित्ताशयातले? माझंही झालंय."

इथे आई थांबली असती तर सगळं निभावलं असतं. पण बाटली आजवर प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडली होती. आई कपाटाकडे गेली आणि ती घेऊन आली.

बाईंनी चष्मा लावला. बाटली हलवली. झाकण काढून एक खडा तळहातावर घेतला, वजन बघितलं, मग नखाने खरवडला. मग तो समोरच्या स्टीलच्या वाटीत टाकला. टण्णकन वाजला.

"माझे अजून घरी आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "हलके आहेत अगदी. नख लावलं की भुगा पडतो."

नितेश पंख्याकडे बघत होता. बाईंनी खडा बाटलीत परत टाकला, झाकण नीट लावलं, आणि शिक्षिकेने मुलाची वही परत द्यावी तशी बाटली आईच्या हातात दिली. श्रीखंड छान झालंय, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. मुलगा इतक्यात लग्न करत नाही.

मग काढलं काय?

प्रश्न साधा होता. खडे नव्हते, तर चार दिवस हॉस्पिटलमध्ये राहून पोरीच्या पोटातून काढलं काय? लग्नाआधीची मुलगी, पोटाचं ऑपरेशन, घरच्यांनी दगड दाखवले. मध्यस्थाने कोणाला सांगितलं, त्यांनी कोणाला, माहीत नाही. पंधरा दिवसांत आत्याने गावाहून फोन केला. मी दुसऱ्या खोलीतल्या फोनवरून ऐकत होते.

"वहिनी, बायका बोलतान, पोरीची पिशवी काढली म्हून. काही काही तर याच्यापेक्षा वाईट बोलतान. खरा काय हाय?"

"वन्सं, खडेच होते," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता तरी खरं सांग.

"पिशवीचं लोक विसरतील," ती म्हणाली. "बारीक व्हायला पोट बांधून घेतलं, हे नाही विसरणार. लग्नात जाशील तिथे तुझ्या ताटाकडे बघतील."

तिला खरंच तसं वाटत होतं. रडून तिचे डोळे सुजले होते. मला काय काय म्हटलं जातंय हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तरी तिने मोजून ते पत्करलं. मी गप्प बसले. बोलायला मी कधी शिकलेच नव्हते, ना इंग्रजीत, ना मराठीत.

सरकली

त्यानंतर आठवड्याभरात पाणी उतरेना. झोपलं की आंबट पाणी नाकात यायचं आणि खोकल्याने जाग यायची. दोन दिवस मी लाळ रुमालात थुंकत होते. पप्पांनी रुमाल बघितला आणि आईला न विचारता गाडी काढली. आजवर या प्रकरणात त्यांनी केलेली ती पहिली गोष्ट.

पांढरं औषध प्यायला लावून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला. पट्टी तिरकी झाली होती.

"किती दिवस उलट्या होत होत्या?"

"वर्षभर," मी म्हणाले.

त्यांनी बटणात सुई घालून पट्टीतलं सगळं पाणी काढून घेतलं आणि आईला विचारलं, काढून टाकू की परत बसवू? "बसवा," आई म्हणाली. मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. म्हणून तर मला विचारायला हवं होतं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आत्या हॉस्पिटलमध्ये आली. मांडीवर डबा. आईने तोंड उघडलं तेव्हा ती काय म्हणणार हे मला कळलं, पण विश्वास बसला नाही.

"खडे परत झाले, वन्सं."

आत्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आत्या, खडे कधीच नव्हते," मी म्हणाले. "मला बारीक व्हायचं होतं. पोटाला पट्टी लावलीये, जास्त खाता येऊ नये म्हणून. भाकरी त्यात अडकते. तू भरवलेली प्रत्येक भाकरी मी ओकले. त्यानेच ती सरकली."

एवढं सलग मी आत्याशी आयुष्यात बोलले नव्हते. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. आत्या आधी चिडली. बराच वेळ तिच्या नाकपुड्या हलत होत्या.

"मंग सांगाचा ना गो," ती म्हणाली. "वरीस झाला, मी तुना मारतंय आनि मनाच म्हाईत न्हाय."

तिने डबा उचलून खाली, खाटेखाली ठेवला, जणू त्यात काही विषारी होतं. मग जरा वेळाने विचारलं, "गावात सांगू का नको? पिशवी पिशवी करतान त्या रांडा."

"वन्सं!" आई म्हणाली.

"सांग," मी म्हणाले.

हळद

आत्याने सांगितलं. तिला काही सांगायचं म्हणजे गावाला स्पीकर लावण्यासारखंच आहे. चार महिन्यांनी तिच्या नातीच्या हळदीला गेले तेव्हा मांडवात शिरताच कळलं की सगळ्यांना ठाऊक आहे. आई बरोबर होती. सगळे ताटाकडेच बघत होते.

"अगो, तिना नको वाढू! तिच्या पोटाला कुलूप हाय!" वाढणारी बाई ओरडली.

"चावी कुठं हाय मंग?"

"डाक्टरकडं!"

"मना पन लाव गो एक कुलूप," एक म्हातारी म्हणाली.

"तुना कला? तुज्या सुनंच्या तोंडाला लाव!"

बायका मांडीवर हात मारून हसत होत्या. एकीने येऊन माझं पोट बोटाने चाचपलं, बटण कुठे आहे ते बघायला. आई उठून बाहेर गेली. हे असंच होणार हे तिने सांगितलं होतं, आणि तिचं खरं ठरलं. अजून खरं ठरतं. प्रत्येक लग्नात कोणीतरी कुलपाचा विषय काढतंच. पुन्हा पाहुणे आलेले नाहीत.

ज्या कोणाला हे ऑपरेशन करायचं असेल तिला मी डॉक्टर कोणता, खर्च किती, हे सांगणार नाही. तुला कोण जेवू घालतं, त्या माणसाला आधी सांग. ऑपरेशनच्या आधी. लाज वाटेल, ती वाटू दे.

त्या दिवशी आत्याने हसणाऱ्या कोणालाही गप्प केलं नाही. तीही हसली, थोडीशी. पण माझ्या ताटात तिने फक्त दोन चमचे मऊ भात आणि वर डाळीचं पाणी घातलं, आणि पुढे जाणाऱ्या भाकरीवालीला हाताने अडवलं. मी एक घास घेतला. चावला. बायका माझ्या गळ्याकडे बघत होत्या, अडकतो का ते बघायला.

उतरला. मी दुसरा घेतला.